भाजल्यावर मलम लावताना या चुका टाळा

पेठेतल्या आमच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सातनंतर एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. एका हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि पायरी चढायच्या आतच हाक, "दादा, भाजल्याचं काहीतरी द्या!" साबुदाणा वडा तेलात फुटलेला असतो, कुकरची वाफ मनगटावर आलेली असते, नाहीतर पोटरी गाडीच्या सायलेन्सरला टेकलेली असते. ट्यूब काढायच्या आधी मी विचारतो, "पाण्याखाली किती वेळ धरला होतात हात?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, "अहो, लगेच धावत आले ना तुमच्याकडे."

तिथेच पहिली चूक होऊन गेलेली असते. माझ्या फळीवरची कुठलीही ट्यूब ती भरून काढू शकत नाही.

मलम आधी, पाणी नंतर

गॅस बंद केला तरी तापलेल्या तव्यावर राहिलेली भाकरी करपते. कातडीचंही तसंच आहे. चटका बसून गेला तरी आत शिरलेली उष्णता खालच्या थरांना भाजत राहते. ती बाहेर काढायला नळाचं साधं, वाहतं पाणी लागतं आणि ते 20 मिनिटं लागतं. घड्याळ बघून 20. दोन मिनिटांत बरं वाटतं, म्हणून लोक हात बाहेर काढतात आणि आग पुन्हा सुरू झाली की मलम शोधतात. भाजून तासभर झाला असेल तरी पाणी धराच. पहिल्या तीन तासांत त्याचा उपयोग होतो. पाणीकपातीचा गुरुवार असेल आणि नळाला पाणी नसेल, तर पिंपातलं पाणी तांब्याने संथ ओतत राहा.

याआधी मलम लावलं तर त्याचा तुपकट थर ती उष्णता आतच कोंडून ठेवतो. बर्फही नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या कातडीचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. पाणी धरतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा, कारण थोड्या वेळाने सूज आली की अंगठी कापावी लागते. लहान मुलाचा मोठा भाग पोळला असेल तर पाणी फक्त पोळलेल्या जागेवर धरा आणि बाकीचं अंग कोरडं, उबदार ठेवा. मुलं फार लवकर गारठतात.

स्वयंपाकघरातली मलमं

टूथपेस्ट, हळद, कणीक, तूप, अंड्यातला पांढरा बलक. जुन्या माणसांकडे दौतीतली शाईसुद्धा होती. टूथपेस्ट गार लागते ती पुदिन्याच्या अर्कामुळे. उष्णता तिने कमी होत नाही. हळदीबद्दल बोललं की आमच्याकडच्या काकू रागावतात, म्हणून भांडण न करता एवढंच सांगतो: ती निर्जंतुक नसते आणि तिच्या रंगाखाली कातडी लाल आहे की पांढरी, हे डॉक्टरांना दिसत नाही. मग ती खरवडून काढावी लागते. ते दुखणं भाजण्यापेक्षा वाईट.

बटाट्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. 1980च्या दशकात मुंबईत डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या सालींची पट्टी जखमांवर वापरून पाहिली होती. पण त्या साली उकडलेल्या, गॉजवर म्हणजे पट्टीच्या जाळीदार कापडावर लावलेल्या आणि निर्जंतुक केलेल्या होत्या. जखमेला न चिकटणारी स्वस्त पट्टी मिळावी, हा हेतू होता. घरी कच्चा बटाटा किसून थापायचा त्याच्याशी काही संबंध नाही.

कोरफडीचा गर किरकोळ लाल चटक्यावर चालतो. फक्त पान कापल्यावर सालीलगत निघणारा पिवळा चीक पूर्ण गळू द्या, तो कातडीला झोंबतो. फोड फुटून जागा उघडी पडली असेल तर कुंडीतली कोरफड नको.

एकच ट्यूब सगळ्या चटक्यांना

मलम कुठलं हे आधी जखम बघून ठरतं आणि लोक मात्र नाव घेऊनच येतात. खरं तर कातडी स्वतःच भरून येते. मलमाने करायचं ते इतकंच, की जखम कोरडी पडू द्यायची नाही, पट्टी चिकटू द्यायची नाही आणि गरज असेल तिथे जंतूंना अडवायचं.

नुसतं लाल झालंय, दुखतंय, फोड नाही: याला औषधी मलम लागतच नाही. साधी पेट्रोलियम जेली किंवा वास नसलेलं मॉइश्चरायझर पुरतं, आठवड्याभरात जागा बरी होते. हे ऐकून लोकांचा विरस होतो. वीस रुपयांत काम झालं की औषध घेतल्यासारखं वाटत नाही.

फोड आलेत, खालची जागा गुलाबी, ओलसर आणि स्पर्शाला फार दुखरी आहे: इथे मलमाचा प्रश्न खरा येतो. पिवळी बर्नॉल पिढ्यान् पिढ्या प्रत्येक घरात आहे. सोशल मीडियावर कुणाचा जळफळाट झाला की तिचंच नाव पुढे करतात. तिच्यात अमिनाक्रिन आणि सेट्रिमाइड ही जंतुनाशकं असतात. आग थांबवणारं त्यात काही नाही आणि कातडी मात्र पिवळी होते. छोट्या चटक्याला ठीक. सोफ्रामायसिनमधलं फ्रामायसेटिन हे प्रतिजैविक आहे. ते सरसकट प्रत्येक चटक्यावर लावण्यात अर्थ नाही, आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. लहानशा फोडांच्या जागेवर पॅराफिन गॉज, म्हणजे जेलीत भिजवलेली जाळी, वर कोरडं गॉज आणि सैल बँडेज, हे मला सगळ्यात आवडतं. जाळी चिकटत नाही आणि रोज जखम उकरावी लागत नाही.

पांढरं, करडं किंवा चामड्यासारखं कडक दिसतंय आणि दुखत नाही: न दुखण्यावर खूश होऊ नका. दुखणं कळवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात. यावर कुठलंच मलम लावू नका, स्वच्छ कपड्याने झाकून सरळ दवाखाना गाठा.

पांढऱ्या क्रीमचा मोठा डबा

सिल्व्हर सल्फाडायझिन, 1 टक्का. भाजलेल्याचं मलम म्हणजे हेच, अशी समजूत पक्की आहे, कारण 1968 पासून जगभरच्या बर्न वॉर्डांत ते वापरलं गेलं. औषध वाईट नाही. पण उथळ जखमांवर ते रोज लावत राहिलं तर जखम भरायला उलट उशीर लागू शकतो, आणि नव्या न चिकटणाऱ्या पट्ट्या अशा जखमांना जास्त मानवतात. म्हणून डॉक्टरांना दाखवायच्या आधी त्याचा थर थापू नका. त्याच्याखाली जखम किती खोल आहे ते कळत नाही.

सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते चालत नाही. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देत नाहीत. लोकांना हे विचारलं की ते चमकतात. "वरून लावायचं तर आहे!" पण उघड्या जखमेतून औषध रक्तात जातंच.

डॉक्टरांनी दिलंच असेल तर वापरताना तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, जुन्या थरावर नवा थर. आधीचं क्रीम कोमट, उकळून गार केलेल्या पाण्याने हलकेच धुवायचं, मग साधारण दीड मिलिमीटर जाडीचा नवा थर द्यायचा. दोन, डब्यात बोट घालणं. जखमेला लागलेलं बोट पुन्हा डब्यात गेलं की सगळा डबा बाद. स्वच्छ चमचा वापरा. तीन, मागच्या दिवाळीत भुईनळ्याने भाजलं तेव्हा आणलेला डबा यंदा उघडणं. तारीख बघा, आणि क्रीम काळपट झालं असेल तर तारीख उरली असली तरी फेका.

मलम लावल्यावर घोटाळा झाला तर

दोन दिवसांनी पिवळट-करडा, चिकट थर दिसला आणि पू झाला म्हणून लोक घाबरतात. सिल्व्हर सल्फाडायझिन लावलं असेल तर जखमेतल्या स्रावाशी मिसळून असा थर होतोच. पू ओळखायचा तो आजूबाजूच्या खुणांवरून: दुखणं कमी व्हायचं ते वाढतंय, लाली पसरतेय, घाण वास येतोय, ताप आहे. यातलं काहीही दिसलं तर मलम बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा. लहान मुलाला छोटा चटका असला तरी ताप, पुरळ किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दाखवा.

जखमेभोवती बारीक पुरळ उठून खाज सुटली तर मलमाची ॲलर्जी धरा. ते बंद करा, धुऊन काढा. अशा वेळी घरातली 'खाजेची ट्यूब' मात्र उचलू नका. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं, आणि त्याने जखम भरायला उशीर लागतो.

पट्टी चिकटली तर ओढू नका. उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने दहा मिनिटं भिजू द्या, सुटून येईल. कापूस थेट जखमेवर ठेवला असेल तर त्याचे तंतू एकेक करून काढावे लागतात. माझ्या सख्ख्या भावाने हे केलं होतं, दुकान घरचं असताना.

छोटा फोड फोडू नका. त्याखालची कातडी निर्जंतुकच असते. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवा आणि जेलीची जाळी लावा.

मलमाच्या वाट्याला न जाणाऱ्या जखमा

भाजलेल्या माणसाचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण 1 टक्का. त्याहून मोठे फोड, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग भाजलं असेल तर काउंटरवर येऊ नका. विजेचा धक्का, ॲसिड, धुरात कोंडलेला माणूस, बाळ, म्हातारी माणसं, मधुमेही, यांचंही तसंच. 108 ला फोन करा किंवा ससूनसारखं मोठं रुग्णालय गाठा. वाटेत लावायला काही मागू नका. पोळ्या गुंडाळायची पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्म जखमेवर सैल ठेवा, गोल आवळून गुंडाळू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील.

बरं झाल्यावरचा हट्ट

परवा कॉलेजातली एक मुलगी आली. उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा महिन्यापूर्वीचा चटका, आता तपकिरी डाग. तिला "डाग घालवणारं" हवं होतं आणि मोबाइलवर तिने एका गोरं करणाऱ्या क्रीमचा फोटो दाखवला. त्यात स्टिरॉइड होतं, चिठ्ठीशिवाय मी दिलं नाही. दिवसातून दोनदा खोबरेल किंवा मॉइश्चरायझर चोळ, उन्हात जाताना सनस्क्रीन लाव, आणि काही महिने धीर धर, असं सांगितलं. नव्या कातडीला ऊन लागलं की डाग गडद होतो. तिने तोंड वाकडं केलं, पण सनस्क्रीन घेतलं. मग बाहेर उभ्या मैत्रिणीच्या गाडीवर बसली, नेमकी सायलेन्सरच्या बाजूने.