दोन ग्राफिक्स कार्डांचा कॉम्प्युटर तापतोय? आधी खोली मोजा, मग कार्ड उघडा

मार्च उलटला की मराठवाड्यातल्या व्हिडिओ एडिटिंगच्या स्टुडिओंतून एकच तक्रार यायला लागते: "सर, वरचं कार्ड लई तापायलंय, पेस्ट बदलून द्या." लग्नसराई भरात असते, रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचं जड काम) रात्रंदिवस चालू असतात आणि दोन कार्डांपैकी एक ८४ अंशांवर जाऊन बसलेलं असतं. पेस्ट म्हणजे कार्डाची चिप आणि तिच्यावरचा धातूचा हीटसिंक यांच्यातला, उष्णता पुढे नेणारा लेप. तो बदलणं हा खरं तर शेवटचा इलाज. आपल्याकडे तोच पहिला होतो, कारण ट्यूब शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि काहीतरी केल्याचं समाधानही मिळतं. पण उष्णता कार्डात अडकली आहे, कॅबिनेटमध्ये अडकली आहे की खोलीच तापली आहे, हे ठरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

पायरी १: तापतंय ते कार्ड नेमकं कोणतं?

इथेच पहिला घोळ होतो. टास्क मॅनेजरमध्ये कार्डं 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' अशी दिसतात. ० म्हणजे वरचं, असं धरून चालू नका. एनव्हीडिया-एसएमआय (एनव्हीडियाच्या ड्रायव्हरसोबत येणारं कमांडचं साधन) कार्डांची यादी पीसीआय बसच्या, म्हणजे मदरबोर्डावरच्या जोडणीच्या, क्रमाने लावतं. कूडावर (एनव्हीडिया कार्डांवर आकडेमोड करून घेणारी प्रणाली) चालणारं सॉफ्टवेअर मात्र, वेगळं काही सांगितलं नसेल तर, सगळ्यात वेगवान कार्डाला ० क्रमांक देतं. दोन्ही कार्डं वेगवेगळ्या मॉडेलची असतील तर एकाच कार्डाला दोन ठिकाणी दोन क्रमांक मिळू शकतात.

ओळख पटवायची सोपी युक्ती आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाचे पंखे आणि वीज हाताळणारं सॉफ्टवेअर उघडा, एका कार्डाचा पंखा १०० टक्क्यांवर न्या आणि कोणता भणाणतो ते डोळ्यांनी बघा. कार्डं एकाच मॉडेलची असतील तर आफ्टरबर्नरमध्ये दोघांच्या सेटिंग्ज जोडलेल्या असतात. ती जोडणी आधी बंद करा, नाहीतर दोन्ही पंखे एकदमच फिरतील. मग चिकटपट्टीवर 'अ' आणि 'ब' लिहून कार्डांच्या कडेला लावा. पुढे अदलाबदल करायची आहे, तेव्हा ही पट्टी कामाला येते.

जाता जाता एक गोष्ट: हलकं काम चालू असताना पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका. बऱ्याच नव्या कार्डांत साधारण ५०-६० अंशांपर्यंत पंखे मुद्दाम बंद ठेवलेले असतात.

पायरी २: खोलीचं तापमान वजा करा

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ, जिथून हवा आत जाते तिथे, एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. भिंतीवर नको, टेबलावर नको, जाळीजवळच. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ च्या पुढे जातो. वरच्या मजल्यावरची स्लॅबची किंवा पत्र्याची खोली असेल तर दुपारी आतही ३८-४० सहज होतं. कार्ड हवेनेच गार होतं, त्यामुळे ते खोलीपेक्षा गार कधीच होणार नाही. ते खोलीपेक्षा किती वर जातं, एवढाच खरा आकडा.

समजा, खोली ३८, वरचं कार्ड ८४ आणि खालचं ७१. म्हणजे फरक ४६ आणि ३३. जानेवारीत खोली २२ असताना तेच काम, त्याच पंख्यावर करणारं वरचं कार्ड ६८ च्या आसपास दिसेल आणि कोणी तक्रारही करणार नाही. कार्ड तेच, दोषही तोच. फक्त उन्हाळ्याने तो उघडा पाडला.

मोजताना दोन पथ्यं पाळा. पहिलं, दोन्ही कार्डांचे पंखे एकाच वेगावर, उदाहरणार्थ ७० टक्क्यांवर, पक्के करा. आपोआप बदलणाऱ्या पंख्यांवर तुलना होत नाही. दुसरं, तापमानासोबत क्लॉकही, म्हणजे चिपचा वेगही, बघा. बहुतेक जीफोर्स कार्डं ८३-८४ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग उतरवायला लागतात. त्यामुळे आकडा ८३ वर 'स्थिर' दिसतो, पण प्रत्यक्षात कार्ड दमलेलं असतं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेग कशामुळे अडला याची एक ओळ असते. तिथे उष्णतेचं कारण दिसलं तर शंका मिटली. रेंडर लावून वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या, मगच आकडे लिहा.

एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी दोन आकडे मिळतात: हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरी. त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. रेडिऑन कार्डांत हॉटस्पॉट ११० अंशांपर्यंत चालतो, असं एएमडीनेच सांगितलेलं आहे. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ची मेमरी ११० च्या घरात गेली की वेग कमी करते. ३०९० मध्ये तर निम्म्या मेमरी चिप्स कार्डाच्या पाठीवर आहेत. अशी दोन कार्डं एकावर एक बसवली की खालच्या कार्डाची तापलेली पाठ वरच्या कार्डाच्या पंख्यांसमोर येते.

पायरी ३: बाजूचं झाकण काढा

तेच काम, तोच पंखा, फक्त कॅबिनेटचं झाकण उघडं. खोलीशी असलेला फरक आठ-दहा अंशांनी उतरला तर हवेची कोंडी कॅबिनेटमध्ये आहे. जेमतेम दोन-तीन अंश हलला तर पुढच्या पायरीवर या. झाकण कायमचं उघडं ठेवणं हा उपाय नव्हे. धूळ थेट आत जाते, आणि पाल आत शिरते ती वेगळीच.

पायरी ४: कार्डांची अदलाबदल

साऱ्या तपासणीचा जीव या पायरीत आहे आणि नेमकी हीच पायरी लोक कंटाळून टाळतात. कॉम्प्युटर बंद करा, पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. मोबाइलवर वायरिंगचा फोटो काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच कार्डाला हात घाला. एरवी मशीन चालू असताना कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील, तर घराचं अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. त्या अवस्थेत कार्ड काढू-घालू नका. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका, ती तुटते. मग 'अ' च्या जागी 'ब' आणि 'ब' च्या जागी 'अ' बसवा आणि मोजमाप पुन्हा करा.

आधी 'अ' वर होतं आणि तापत होतं. आता 'अ' खाली जाऊन गार झालं आणि वर आलेलं 'ब' तापायला लागलं, तर दोष जागेचा. 'अ' खाली जाऊनही तसंच तापत राहिलं, तर दोष कार्डाचा. कार्डं वेगवेगळ्या वॅटची असतील तर आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण कल लगेच कळतो.

दोष जागेचा निघाला तर

आजची बहुतेक कार्डं दोन-तीन पंख्यांची, उघड्या कुलरची असतात. ती गरम हवा मागून बाहेर टाकत नाहीत, कॅबिनेटमध्येच सोडतात. उभ्या कॅबिनेटमध्ये पंख्यांची तोंडं खाली असतात. म्हणजे वरचं कार्ड जी हवा ओढतं ती खालच्या कार्डाने आधीच तापवलेली असते. त्यात दोन स्लॉटचा एक सेंटिमीटरही फट न ठेवणारा शेजार असेल तर वरच्याला हवाच मिळत नाही. ब्लोअर पद्धतीची कार्डं मागून हवा फेकतात. आवाज फार करतात, पण एकाला एक चिकटून बसवायची असतील तर तीच बरी.

पहिला उपाय फुकटचा: दुसरं कार्ड एक स्लॉट खाली सरकवा. स्लॉटचं अंतर सुमारे २० मिलिमीटर असतं, तेवढ्याने मोठा फरक पडतो. खालचा स्लॉट अनेक मदरबोर्डांवर चारच लेनचा (माहिती जायच्या वाटांचा) असतो. रेंडरसाठी त्याने फारसं बिघडत नाही. मात्र सगळ्यात खाली, पॉवर सप्लायच्या झाकणाला टेकून कार्ड बसवलं तर तेच गुदमरतं. जागाच नसेल तर रायझर केबल (स्लॉटची जोडणी लांबवणारी केबल) लावून एक कार्ड दूर उभं करा.

मग कॅबिनेटचे पंखे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे उलटे बसवलेली मशीनं मुळीच दुर्मिळ नाहीत. खात्री करायची तर एक उदबत्ती पेटवा आणि प्रत्येक जाळीपासून वीतभर अंतरावर धरा. पुढच्या जाळीत धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे आणि वर बाहेर ढकलला गेला पाहिजे. कुठे धूर जागीच घुटमळत असेल तर तिथे हवा चालतच नाही. राख आत पडू देऊ नका. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटीफटींतून धूळ ओढली जात नाही, जे येतं ते फिल्टरमधून येतं. आपल्याकडच्या धुळीत हे फार महत्त्वाचं.

आणि हो, कॉम्प्युटर टेबलाचा तो दाराचा कप्पा. कॅबिनेट त्यात असेल तर वरचं सगळं सोडा, आधी ते बाहेर काढा.

दोष कार्डाचा निघाला तर

आधी धूळ. जिनिंगच्या आसपासच्या दुकानांतली कार्डं उघडली की पंखे वरून स्वच्छ दिसतात. पण पंखा आणि हीटसिंकच्या पत्र्यांच्या मधोमध रुईच्या तंतूंचा गोधडीसारखा थर बसलेला असतो. नखाने टोक धरलं की अख्खा निघतो. सोयाबीनची मळणी चालू असलेल्या गावांत तेच काम भुसकट करतं. नरम ब्रश आणि हाताचा इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने किंवा पेन्सिलीने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर कार्ड नेऊ नका, त्या हवेसोबत पाणी आणि तेल येतं.

मग पंखे बघा. एखादा अडखळतोय, थरथरतोय, गुरगुरतोय? पंख्याच्या मधल्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक असतो, तो बघून तसाच पंखा मागवता येतो.

पेस्टची पाळी येते ती यानंतर, तीही खूण दिसली तरच. कोर (चिपचं नेहमी दिसणारं तापमान) आणि हॉटस्पॉट यांच्यात साधारण १०-१५ अंशांचा फरक असतो. तो २५ च्या पुढे गेला असेल तर पेस्ट वाळली किंवा बाहेर ढकलली गेली, नाहीतर हीटसिंक नीट दाबून बसलेला नाही. वॉरंटी चालू असेल तर इथे थांबा आणि कार्ड कंपनीकडे पाठवा. नसेल तर हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे सोडा आणि पंख्याची वायर ताणू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ग्राफिक्स चिप उघडी असते, वर धातूची टोपी नसते. म्हणून पेस्टचा ठिपका ठेवून भागत नाही, पातळ थर पूर्ण चिपवर पसरवा. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले तर त्याच जाडीचे आणा. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसला तरी हीटसिंक चिपवरून उचलला जातो आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. पॅडच्या जागी पेस्ट थापण्याचा उद्योग तर करूच नका. रोज तासन्‌तास तापणाऱ्या कार्डाला हनीवेलचा पीटीएम ७९५० हा फेज-चेंज (तापल्यावर मऊ होऊन पसरणारा) पॅड चांगला. तो पेस्टसारखा लवकर बाहेर ढकलला जात नाही.

पॉवर केबल काढलेल्याच आहेत, तर त्यांची टोकंही बघा. आठ पिनांचं एक कनेक्टर १५० वॅटसाठी असतं. एकाच केबलच्या दोन शेपट्यांवर ३५० वॅटचं कार्ड चालवू नका. सप्लायपासून वेगवेगळ्या केबल ओढा. प्लास्टिक पिवळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर ते मशीन पुन्हा चालू करायचं नाही.

पॉवर लिमिट: मेमधला सगळ्यात स्वस्त उपाय

सगळं नीट आहे, तरी दुपारी कार्डं ८३ ला टेकतात, अशी वेळ मराठवाड्यात येतेच. तेव्हा आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची याची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा. ३५० वॅटचं कार्ड २८० वर येतं आणि काम साधारण पाच-दहा टक्क्यांनीच मंदावतं; तापून वेग उतरवणाऱ्या कार्डाचं नुकसान कधीकधी याहून जास्त असतं. लिनक्सवर हेच काम एनव्हीडिया-एसएमआयच्या पीएल स्विचने होतं, पण मशीन रीस्टार्ट केलं की मर्यादा पूर्ववत होते. फक्त वरच्या कार्डाला लिमिट लावून भागत नसेल तर खालच्यालाही लावा; वरच्याला जाणारी हवा तेवढीच गार होते.

कूलर, इन्व्हर्टर आणि रात्र

दोन ३०९० पूर्ण जोरात चालतात तेव्हा कार्डांचीच ७०० वॅट उष्णता खोलीत पडते. बंद खोलीत ती जाणार कुठे? वर भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवा.

पाण्याचा कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम चालतो, पण त्याचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे तुषार आत गेले की धुळीचा चिखल होऊन पत्र्यांवर थापला जातो, आणि तो ब्रशने निघत नाही. कूलर खिडकीत, कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीला आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं, अशी मांडणी ठेवा. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा तो बंदच बरा.

वीज गेल्यावर फसगत होते ती वेगळी. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, कूलर आणि एक्झॉस्ट बंद पडतात, आणि रेंडर तसाच धडधडत असतो. आफ्टरबर्नरमध्ये ७० टक्के लिमिटचं एक प्रोफाइल सेव्ह करून त्याला कीबोर्डची एक की नेमून द्या. लाइट गेली की दाबायची.

मोठे रेंडर रात्री लावायचे तर नऊ वाजता लावून उपयोग नाही, स्लॅब तेव्हाही उष्णता सोडत असतो. मध्यरात्रीनंतर सुरू होतील असं टायमर लावा. पहाटे चार ते सात हा दिवसातला सगळ्यात गार काळ. दिवसा त्या मशीनवर फक्त कटिंग करा.