पिन बसते म्हणून अ‍ॅडाप्टर लावू नका

गेल्या गणपतीत, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, माझ्या गिटारच्या डिले पेडलचा (प्रतिध्वनी देणारी, पायाने दाबायची पेटी) अ‍ॅडाप्टर सापडेना. कपाटात जुन्या राउटरचा पडला होता. त्याची पिन पेडलमध्ये तंतोतंत बसली. दिवा काही लागला नाही. जळका वास आला आणि अ‍ॅडाप्टर टिकटिक करत राहिला. राउटरचा तो अ‍ॅडाप्टर 12 व्होल्टचा होता आणि त्याच्या पिनेत मधे प्लस होता. गिटारच्या बहुतेक पेडलना 9 व्होल्ट लागतात आणि मधे मायनस लागतो. पिन मात्र दोन्हीकडे 5.5 बाय 2.1 मिलिमीटरचीच.

म्हणून पहिलं काम हे की अ‍ॅडाप्टर शोधायला निघण्याआधी पेडल उलटं करा. त्याला कुठली वीज लागते ते खाली किंवा जॅकच्या शेजारी छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

सर्वात आधी एसी की डीसी ते पाहा. आकड्यापुढे लाटेसारखी खूण असेल तर एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. डिजिटेकच्या व्हॅमी या सूर वर-खाली करणाऱ्या पेडलची चौथी आवृत्ती 9 व्होल्ट एसीवर चालते आणि पाचवी 9 व्होल्ट डीसीवर. दोन्ही लाल, दोन्हीला तसंच पायडल. सेकंडहँड घेताना विकणारा ‘नऊ व्होल्टचा कुठलाही चालेल’ म्हणाला तरी ऐकू नका. डीसीच्या पेडलला एसी दिला तर आतला माल जाऊ शकतो.

मग पोलॅरिटी, म्हणजे पिनेत प्लस कुठे आणि मायनस कुठे. छोट्या चित्रात मधल्या ठिपक्याला जोडलेली रेघ मायनसकडे गेली असेल तर मधे मायनस. बॉस, आयबानेझ, झूम यांच्या नेहमीच्या 9 व्होल्टच्या पेडलना हेच लागतं. पण जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या धाटणीच्या काही फझ पेडलचं (आवाज फाटका करणारी पेडल) उलट असतं, तिथे गृहीत धरू नका. माझं पेडल वाचलं ते आतल्या एका डायोडमुळे. उलटा करंट आला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं सर्किट वाचवतो. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ काही रुपयांत 1एन4007 डायोड मिळाला, जळक्याच्या जागी तो टाकला आणि पेडल सुरू झालं. सगळ्याच पेडलमध्ये असा डायोड नसतो.

व्होल्ट छापलेत तेवढेच द्या. मिलिअँपिअरचं, म्हणजे करंटचं, मात्र वेगळं आहे. तिथे अ‍ॅडाप्टरवरचा आकडा मोठा असला तर काहीच बिघडत नाही, कारण पेडल लागेल तेवढंच ओढतं. कमी असला तर डिजिटल पेडल मधेच रीसेट होतं. आवाज खरखरीत करणारं साधं डिस्टॉर्शन पेडल जेमतेम 5-10 मिलिअँपिअर घेतं, बॉसचा डीडी-7 डिले 55, आणि काही मोठी डिजिटल रिव्हर्ब पेडल (सभागृहासारखा घुमारा देणारी) 300 पर्यंत जातात. एकाच अ‍ॅडाप्टरवर चार पेडल असतील तर बेरीज करा आणि पाव हिस्सा वर ठेवा.

दुकानात जाताना मल्टिमीटर न्या. 20 व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या नळीला. उणे 9 दिसलं तर मधे मायनस. ट्रान्सफॉर्मरवाला जड अ‍ॅडाप्टर ‘9 व्होल्ट’ लिहून 13 दाखवत असेल तर तो रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा, नाही, परत द्या. असा अ‍ॅडाप्टर लावला की अँप्लिफायरमधून घरघर येते. आपली वीज 50 हर्ट्झची, ती डीसी करताना 100 हर्ट्झची लहर उरते. गिटारच्या जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) जी सूर 98 हर्ट्झचा असतो, म्हणजे घरघर त्याच्या किंचित वर. वाजवून पाहा, लगेच ओळखू येईल. बारीक शिट्टी येत असेल तर स्वस्त स्विचिंग (वजनाला हलका) अ‍ॅडाप्टर किंवा एकाच वायरीवर डिस्टॉर्शनसोबत जोडलेलं डिजिटल पेडल तपासा. त्या डिजिटल पेडलला वेगळा अ‍ॅडाप्टर दिला की बहुधा शांत होतं. पुढे बोर्ड वाढलाच तर प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला, म्हणजे आयसोलेटेड सप्लाय घ्या. पैसे तिथेच घालावेत असं मला मनापासून वाटतं.

पिन सैल वाटली तर तिचं भोक 2.1 ऐवजी 2.5 मिलिमीटरचं असेल. स्टेजवर पाय लागला की अशी पिन सुटते, टेप लावून भागवू नका.

झूम जी1 फोर हे अनेक इफेक्टचं पेडल असेल आणि उद्याच कार्यक्रम असेल, तर धावपळ करू नका. त्याला मायक्रो यूएसबीचं भोक आहे आणि ते चार पेन्सिल सेलवरही चालतं. यूएसबीला पॉवरबँक लावली तर भिंतीकडून येणारी घरघरही येत नाही. 9 व्होल्ट 500 मिलिअँपिअरचा, मधे मायनसवाला अ‍ॅडाप्टर मग सवडीने घ्या, आणि घरी आणल्या आणल्या त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवून पेडलचं नाव लिहा.