समुद्री चाच्यांचं वेड आहे? मग या चुका टाळा

डोक्यावर काळा झेंडा, ओठांवर एकोणिसाव्या शतकातलं गाणं, पायांत घोडेस्वाराचे बूट, पेल्यात १७४० नंतरचं पेय आणि तोंडी १९५० च्या सिनेमातली बोली. पार्टीपुरतं हे चालून जातं. पण ज्यांना चाच्यांचं वेड खरोखर लागलं आहे, जे जहाजांची मॉडेलं करतात, झेंडे शिवतात, जुनी नाणी धुंडाळतात, त्यांचे बरेचसे पैसे आणि रविवार याच सरमिसळीत वाया जातात. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात: दशक कोणतं आणि समुद्र कोणता.

नवशिक्यांसाठी सोयीचे पर्याय दोन. पहिला १७१५ ते १७२६ चा कॅरिबियन. बहामातलं नासाऊ हे बंदर, एडवर्ड टीच ऊर्फ ब्लॅकबिअर्ड, सॅम बेलामी, बार्थोलोम्यू रॉबर्ट्स, अ‍ॅन बॉनी, मेरी रीड हे सगळे याच काळातले. दुसरा १६९० च्या दशकातला हिंदी महासागर, आणि तो आपल्याला जास्त जवळचा. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने मक्केहून सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं ते याच दशकात. विल्यम किडने १६९८ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ पकडलं तेही याच दशकात. एकदा काळ ठरला की कपडे, झेंडा, जहाज आणि नाणं यांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तारखांचा घोळ

वाचणाऱ्यांची पहिली अडचण हमखास इथे येते. एका पुस्तकात रॉबर्ट्सचा मृत्यू १० फेब्रुवारी १७२२ ला, दुसऱ्यात १७२१ ला. एकीकडे चूक आहे असं समजून लोक वही फाडतात. खरं तर दोन्ही बरोबर असतात. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्या वर्षात मोजले जात. शिवजयंती तिथीने की तारखेने हा वाद पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

शिवाय जुन्या आणि आजच्या कॅलेंडरात दिवसांचाही फरक आहे: सतराव्या शतकात दहा, १७०० नंतर अकरा. ब्लॅकबिअर्ड ओक्राकोक बेटापाशी लेफ्टनंट मेनार्डच्या माणसांशी लढताना मारला गेला ती नोंद २२ नोव्हेंबर १७१८ ची, आजच्या कॅलेंडरने ३ डिसेंबर. फ्रेंच आणि स्पॅनिश कागद मात्र नव्या पद्धतीचे. एकाच घटनेची इंग्रजी आणि फ्रेंच तारीख जुळत नसेल तर आधी अकरा दिवस मोजून बघा, मग लेखकाला दोष द्या. टिपणवहीत प्रत्येक तारखेपुढे ‘जुनी’ किंवा ‘नवी’ असं लिहायची सवय लावली की पुढचा त्रास वाचतो.

पुस्तकांबद्दल एवढंच सांगतो की १७२४ चा ‘जनरल हिस्टरी ऑफ द पायरेट्स’ हा कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या टोपणनावाने आलेला ग्रंथ वाचलाच पाहिजे, पण डोळे मिटून नाही. त्याच्या दुसऱ्या खंडात आलेला कॅप्टन मिसन आणि मादागास्करवरचं त्याचं स्वतंत्र राज्य लिबर्टालिया ही कल्पित गोष्ट आहे. ‘गंज-ए-सवाई’साठी इतिहासकार खाफी खानही वाचा. आपल्याकडे त्याचं नाव शिवकाळाच्या निमित्ताने घेतलं जातं, पण या लुटीचं मुघल बाजूने केलेलं वर्णन त्याच्याकडे आहे, आणि इंग्रजी पुस्तकं त्याला दोन ओळींत गुंडाळतात.

कपडे

गुडघ्यापर्यंतचे बूट, कमरेला रंगीत पट्टा, डोक्याला रुमाल, कानात बाळी हा थाट बऱ्याच अंशी हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ केला. जहाजावर ओल्या दोरांवरून चढणारा खलाशी असे जड बूट कशाला घालील? अमेरिकेतल्या केप कॉडजवळ १७१७ मध्ये बुडालेल्या बेलामीच्या ‘व्हिडा’ जहाजाच्या अवशेषांत लहान मापाचा साधा बूट आणि रेशमी मोजा सापडला. खलाशाचा खरा वेष म्हणजे सैल, रुंद पायांचा आखूड पायजमा, चौकड्यांचा किंवा पांढरा सदरा, आखूड जाकीट आणि गळ्याला कापड. आपल्या शिंप्याकडे हे मखमली कोटाच्या पाव किमतीत होतं आणि मुंबईच्या उकाड्यात माणूस घेरी येऊन पडतही नाही. कापड सुती किंवा लिननचं घ्या. पॉलिस्टर फोटोत चकाकतं आणि सगळी मेहनत उघडी पाडतं.

तलवार फोमचीच बरी. ९ इंचांहून लांब पात्याची धारदार शस्त्रं आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात, आणि कॉस्प्लेच्या कार्यक्रमांत धातूचं काही घेऊन गेलात तर दारावरच थांबवतील.

झेंडा

शिंगं असलेला सांगाडा, एका हातात वाळूचं घड्याळ, दुसऱ्या हातात हृदयावर रोखलेला भाला: ‘ब्लॅकबिअर्डचा झेंडा’ म्हणून हाच सगळीकडे विकला जातो. त्याच्या काळातला एकही पुरावा या चित्राला नाही. १७१८ च्या बातमीत काळे झेंडे आणि त्यांवर कवट्या, एवढंच येतं. कॅलिको जॅक या चाच्याच्या नावावर खपणाऱ्या कवटी आणि तलवारींच्या झेंड्याचीही तीच गत. अस्सल वर्णनावरून काही शिवायचं असेल तर रॉबर्ट्सचा घ्या. बार्बाडोस आणि मार्टिनिकवरच्या रागातून त्याने स्वतःची आकृती दोन कवट्यांवर उभी दाखवली होती आणि कवट्यांखाली अक्षरं होती ए बी एच आणि ए एम एच. म्हणजे ‘बार्बाडोसवाल्याचं डोकं’ आणि ‘मार्टिनिकवाल्याचं डोकं’. इतका खुन्नस बाजारातल्या कुठल्याच झेंड्यात नाही.

आता शिवणातल्या तक्रारी. काळ्याचा रंग पांढऱ्यात उतरतो, कारण कापड न धुता शिवायला घेतलेलं असतं. काळं पॉपलीन वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग इस्त्री, मग कापणी. त्यातच ते आटूनही घेतं. कवटीच्या कडेला चुण्या पडत असतील तर पांढऱ्या तुकड्याला मागून पातळ फ्यूजिंग लावा आणि झिगझॅगचा टाका सैल ठेवा. झेंडा एकाच बाजूने दिसतो ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. त्यावर युक्ती अशी: पांढरा तुकडा काळ्यावर शिवून झाला की झेंडा उलटा करायचा आणि टाक्याच्या आतलं काळं कापड हलक्या हाताने कापून काढायचं. दोन्हीकडून पांढरं दिसतं आणि झेंडा जडही होत नाही. दोन थर लावून केलेला झेंडा वाऱ्यावर फडकत नाही, नुसता लोंबतो.

जहाजाचं मॉडेल

इथे पैसा सगळ्यात जास्त जातो म्हणून जरा थांबून सांगतो. ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’चं किट घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावं की या जहाजाचे आराखडे उपलब्ध नाहीत. ‘ला कॉनकॉर्ड’ हे फ्रेंच गुलामवाहू जहाज ब्लॅकबिअर्डने नोव्हेंबर १७१७ मध्ये पकडलं, त्यावर तोफा वाढवल्या आणि १७१८ च्या जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफर्टच्या खाडीमुखाशी ते वाळूत रुतलं. अवशेष १९९६ मध्ये सापडले, ओळख २०११ मध्ये पक्की झाली. तोफा, नांगर, औषधोपचाराची हत्यारं वर आली, पण जहाजाचा घाट अंदाजानेच बांधावा लागतो. किटच्या खोक्यावर ‘ऐतिहासिक प्रतिकृती’ असं छापलेलं असलं तरी तो कंपनीचा अंदाज आहे. त्यापेक्षा एका डोलकाठीचं छोटं स्लूप करा. नासाऊच्या चाच्यांचं रोजचं जहाज तेच होतं: चपळ, उथळ पाण्यात शिरणारं. गॅलिऑन हे स्पेनचं अवजड मोठं जहाज त्यांचं सावज, वाहन नव्हे.

सुकाणूचं गोल चाक ही दुसरी ठरलेली चूक. चाक मोठ्या जहाजांवर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला येऊ लागलं. लहान स्लूपवर लाकडी दांडाच असायचा. १६९५ च्या जहाजावर चाक बसवलंत तर जाणकार माणूस बाकी काही पाहणारच नाही.

बांधताना फळ्या निसटतात, कारण कोमट पाण्यात भिजवलेली फळी ओली असतानाच गोंद लावून बसवलेली असते. भिजवा, सांगाड्यावर चिमटे लावून वाकवा, रात्रभर तशीच सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी गोंद लावा. दोरकाम पावसाळ्यात सैल पडत असेल तर सुती दोरा बदला. दमट हवेत तो ताणतो, आखडतो आणि लव धरतो. पॉलिस्टरचा मळकट तपकिरी दोरा घ्या, मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढा आणि मगच गाठी मारा. आणि कृपा करून फळकुटावरून माणूस समुद्रात ढकलण्याचा देखावा मॉडेलवर लावू नका. त्या काळातल्या नोंदींत ही शिक्षा सापडत नाही.

खजिन्याच्या नकाशावर फार वेळ घालवण्यासारखं नाही, कारण अस्सल चाच्याने काढलेला असा एकही नकाशा माहीत नाही. मुलांच्या वाढदिवसाला हवा असेल तर आधी चहात कागद बुडवा, सपाट सुकवा, मग जलरोधक शाईने काढा. उलट क्रमाने केलं की शाई फुटते.

गाणी, पेय आणि बोली

‘सी शांटी’ म्हणून जी गाणी आपण ऐकतो ती बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या मालवाहू जहाजांवरची श्रमगीतं आहेत. चाच्यांकडे संगीत नव्हतं असं नाही. रॉबर्ट्सच्या जहाजावरच्या करारात वादकांना रविवारी सुट्टी लिहून दिलेली होती. ‘ग्रॉग’ ही पाणी घातलेली रम अ‍ॅडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये ब्रिटिश नौदलात सुरू केली, तेव्हा नासाऊची टोळी संपून वीस वर्षं झाली होती. आणि १९ सप्टेंबरला, ‘चाच्यांसारखं बोला’ दिवशी, लोक ज्या बोलीत ‘आर्र’ करतात ती १९५० च्या ‘ट्रेझर आयलंड’ सिनेमातल्या रॉबर्ट न्यूटनची. करा खुशाल, मजा आहे. फक्त तिला इतिहास म्हणू नका.

नाणी

‘पीस ऑफ एट’ म्हणजे स्पेनचं आठ रियालचं चांदीचं नाणं, वजन सुमारे २७ ग्रॅम, पोतोसी आणि मेक्सिकोच्या टांकसाळींतलं. हातोडीने ठोकून केलेलं, म्हणून कडा वेडीवाकडी. इंटरनेटवरच्या जाहिरातींत ‘बुडालेल्या जहाजातलं’ म्हणून मिळणारी बरीचशी नाणी साच्यात ओतलेल्या नकला असतात. एकाच विक्रेत्याच्या दोन नाण्यांची वेडीवाकडी कड तंतोतंत सारखी दिसली तर तिथेच थांबा. कडेभोवती साच्याच्या सांध्याची बारीक रेघ किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांची छिद्रं दिसली तरी तेच.

घरी करण्यासारखी पक्की चाचणी घनतेची. सोनाराकडे असतो तसा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन त्याने भागा. त्या काळच्या चांदीच्या नाण्याचं उत्तर १०.३ च्या जवळपास येतं, पितळेचं साडेआठच्या आसपास, कथिलाच्या मिश्रधातूचं त्याहून खाली. समुद्रात पडून राहिलेलं नाणं गंजून हलकं झालेलं असू शकतं, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नका. आणि हाती आलेलं नाणं चिंच किंवा पितांबरीने घासू नका. काळसर थर गेला की नाण्याची किंमतही जाते. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतं, त्यामुळे ते परदेशातल्या मित्राला पाठवून द्यायचा विचारही नको.

फक्त स्पॅनिश नाण्यांच्या मागे लागणं हीदेखील एक चूकच. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमध्ये १६९३ चं येमेनी चांदीचं नाणं सापडलं आणि त्याचा संबंध एव्हरीच्या टोळीशी, पर्यायाने ‘गंज-ए-सवाई’शी जोडला जातो. १६९० चं दशक निवडलेल्याने अरबी आणि मुघल नाणी ओळखायला शिकावं.

आंग्रे चाचे नव्हेत

परदेशी यादीत कान्होजी आंग्रे ‘इंडियन पायरेट’ म्हणून येतात आणि मराठी हौशी माणूसही कौतुकाने त्यांचं चित्र ब्लॅकबिअर्डशेजारी लावतो. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चाचा म्हटलं, कारण कंपनीच्या जहाजांनीही त्यांचा दस्तक, म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना, घ्यावा असा त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज शतकभराहून जास्त काळ याच समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचे असेच परवाने विकत होते, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागवर, असे कंपनीचे हल्ले त्यांनी परतवले. शेजारी लावायचाच असेल तर किड लावा. त्याच्याकडे राजाचा परवाना होता आणि तरीही १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी दिलं. परवाना कुणाचा आणि तो मानायचा कुणी, हा प्रश्न दोघांच्याही कहाणीत आहे.

आंग्र्यांच्या जागा बघायला जाताना लोक भरती-ओहोटीत फसतात. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, पण आत रमलात तर परतीचं पाणी कमरेला लागतं. कोकणातला जुना हिशोब कामाला येतो: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि बाराला ओहोटी, पण ती भांगाची, म्हणजे कमजोर, पाणी पुरेसं मागे हटत नाही. चतुर्थी चांगली. पहाटे तीनच्या सुमारास भरती, नऊला पूर्ण ओहोटी. आठला वाळूवर उतरा, दहाच्या आत परत या, आणि हा हिशोब ढोबळ असल्यामुळे निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघून किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यालाही विचारा. खांदेरीचं मात्र पावसाळा सरल्याशिवाय नावही काढू नका. तिथे होडीनेच जावं लागतं.