वर्डप्रेस बसवताना या चुका टाळा: पुसून पुन्हा बसवणं हा उपाय नव्हे

गावचं वाचनालय, हौशी नाट्यसंस्था, दिवाळी अंक, शेतकरी गट. मराठीतली कितीतरी छोटी संकेतस्थळं स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, उभी राहतात आणि ती उभी करणारा बहुधा त्याच संस्थेतला एखादा कार्यकर्ता असतो. संकेतस्थळ उभारायची वर्डप्रेस ही प्रणाली अशा माणसासाठी खरोखर चांगलं साधन आहे. २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते सुरू केलं. ते मोफत आहे, मराठीत वापरता येतं आणि सगळं नीट जुळलं तर काही मिनिटांत बसतं.

घोळ सुरू होतो तो पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ उमटल्यावर. ती न वाचता सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून बसवायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दोष डोमेनमध्ये आहे, सर्व्हरवर आहे, डेटाबेसमध्ये आहे की वर्डप्रेसमध्ये, हे त्या ओळीतून बऱ्याचदा कळतं. पुसलं की हा माग हातचा जातो आणि मूळ दोष मात्र जागेवरच राहतो.

डेटाबेस: नाव अर्धं, जोडणी अर्धी

सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग कंपनी देते त्या नियंत्रणाच्या पानावर, डेटाबेसला (लेख आणि सेटिंग्ज साठवायची जागा) तुम्ही जे नाव देता, ते सहसा त्याचं पूर्ण नाव नसतं. त्याच्या आधी होस्टिंग खात्याचं नाव आणि अंडरस्कोर लागतो. यूजरच्या नावाचंही तेच. डब्ल्यूपी-कॉन्फिग (wp-config.php) या वर्डप्रेसच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ही पूर्ण नावं लिहायची असतात. दुसरं म्हणजे, डेटाबेस तयार केला आणि यूजर तयार केला म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण त्या यूजरला त्या डेटाबेसशी जोडणं ही तिसरी, वेगळी पायरी आहे. तिथे 'ऑल प्रिव्हिलेजेस'वर (सगळे अधिकार) खूण करावी लागते. ही पायरी राहून जाणं फार नेहमीचं आहे.

यातलं नेमकं काय चुकलंय हे वर्डप्रेस सांगतं. 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' दिसलं तर यूजर, पासवर्ड किंवा होस्टचं नाव तपासा. होस्ट बहुतेक ठिकाणी 'लोकलहोस्ट' असतो, पण काही कंपन्या वेगळा पत्ता देतात. 'कान्ट सिलेक्ट डेटाबेस' दिसलं तर यूजर आणि पासवर्ड बरोबर आहेत. डेटाबेसचं नाव चुकलंय किंवा ती तिसरी पायरी राहिलीय.

डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून बदलू नका. सरळ अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि फाइल चालत नाही. पासवर्डमध्येच एकेरी अवतरणचिन्ह असेल तर ओळ तिथेच तुटते, म्हणून तसा पासवर्ड घेऊच नका. 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा इशारा आला तर फाइलच्या अगदी सुरुवातीला एखादी मोकळी जागा किंवा डोळ्यांना न दिसणारी खूण शिरली आहे, असं समजा. सीपॅनलच्या फाइल मॅनेजरमधला साधा एडिटर या कामाला पुरतो.

आता एक धोक्याची जागा. संकेतस्थळ एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवलं आणि तिथे अचानक 'वर्डप्रेसमध्ये स्वागत' करणारं इन्स्टॉलेशनचं पान दिसू लागलं, तर ते भरू नका. तुमचे लेख बहुतेक शाबूत असतात. वर्डप्रेसला डेटाबेसमधली त्याची टेबलं, म्हणजे तक्ते, सापडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. एकतर रिकाम्या डेटाबेसचं नाव पडलंय, नाहीतर डब्ल्यूपी-कॉन्फिगमधला टेबल प्रीफिक्स (टेबलांच्या नावांआधी लागणारी अक्षरं) आणि डेटाबेस आतून दाखवणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये दिसणारा प्रीफिक्स जुळत नाही.

फाइली चुकीच्या जागी

वर्डप्रेसची झिप फाइल उलगडली की सगळं 'वर्डप्रेस' नावाच्या फोल्डरमध्ये उतरतं. ते तसंच ठेवलं तर संकेतस्थळाच्या पत्त्यालाही ते शेपूट लागतं. आतल्या फाइली संकेतस्थळाच्या मुख्य, पब्लिक एचटीएमएल (public_html) फोल्डरमध्ये आणा. सॉफ्टॅक्युलस या आपोआप बसवून देणाऱ्या साधनाने बसवत असाल तर 'इन डिरेक्टरी'चा रकाना पाहा. तिथे आधीच काही भरलेलं असेल तर ते काढून रकाना रिकामा ठेवा. सगळं बरोबर असूनही होस्टिंग कंपनीचंच स्वागताचं पान दिसत असेल, तर जुनी इंडेक्स एचटीएमएल फाइल तिथे पडून आहे का ते बघा. एफटीपीने (सर्व्हरवर फाइली पाठवायची पद्धत) हजारो सुट्या फाइली चढवण्यापेक्षा झिप चढवून सर्व्हरवरच उलगडा. सुट्या फाइलींतली एखादी वाटेत गळते आणि ती कुठली हे नंतर शोधता येत नाही.

फाइल कोणी वाचायची, बदलायची वा चालवायची हे आकड्यांनी ठरवणाऱ्या परवानग्यांबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवं. काहीही अडलं की 'फोल्डरला ७७७ द्या' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. ७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कोणालाही तिथे लिहायची मुभा, आणि शेअर्ड होस्टिंगवर तुमच्याबरोबर अनोळखी खाती असतात. शिवाय अनेक सर्व्हर अशी परवानगी दिसली की फाइल चालवायचं नाकारतात आणि 'एरर ५००' (सर्व्हरमधला बिघाड) देतात. म्हणजे उपायातूनच नवा आजार. फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४, आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगला त्याहून कडक, उदाहरणार्थ ६००.

फाइली चढवून 'उरलेलं उद्या करू' असंही करू नका. इन्स्टॉलेशनचं पान उघडं असेल तर पहिला येणारा कोणीही ते भरून तुमच्या जागेचा मालक होऊ शकतो. एसएसएल प्रमाणपत्र (संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं) निघालं की त्याची नोंद सार्वजनिक यादीत होते आणि नव्या डोमेनांवर टपून बसलेले प्रोग्रॅम त्या यादीवर नजर ठेवून असतात. फाइली चढवल्या की त्याच बैठकीत इन्स्टॉलेशन पुरं करा, आणि मुख्य यूजरचं नाव 'अ‍ॅडमिन' ठेवू नका.

मराठी मजकुराचे तीन बिघाड

यावर कोणी फारसं लिहीत नाही, आणि आपलं खरं नुकसान इथेच होतं.

डेटाबेस हलवल्यावर मराठी मजकूर बिघडला, तर आधी तो कसा बिघडलाय ते पाहा. सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं असतील, तर लिहिताना डेटाबेसला देवनागरी सामावता आली नाही आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं गेलं. त्या प्रतीतून मजकूर परत मिळत नाही, जुनी प्रतच शोधावी लागते. पण रोमन अक्षरांवर टोप्या आणि मध्येमध्ये चिन्हं असा गिचमिडा दिसत असेल, तर बहुधा मजकूर शाबूत आहे. तो फक्त चुकीच्या संकेतनात (अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत) वाचला जातोय. अशा वेळी लेख उघडून हाताने दुरुस्त करत बसलात आणि सेव्ह केलंत, तर एकाच डेटाबेसमध्ये दोन तऱ्हेचा मजकूर होतो आणि सोपी दुरुस्ती अवघड होऊन बसते. काहीही न बदलता आधी आहे त्या स्थितीत डेटाबेसचा एक्सपोर्ट (पूर्ण प्रत) घ्या. मग जुन्या आणि नव्या डब्ल्यूपी-कॉन्फिगमधली कॅरॅक्टर सेटची, म्हणजे संकेतन ठरवणारी, ओळ ताडून पाहा. नवीन डेटाबेससाठी यूटीएफ८एमबी४ हा कॅरॅक्टर सेट निवडा. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस तेच वापरतं.

तिसरा प्रकार सर्व्हरचा नसतोच. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला अंकाचा मजकूर थेट वर्डप्रेसमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो आणि दोष होस्टिंगला दिला जातो. तो मजकूर युनिकोड नाही. आधी रूपांतर करा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, मग चिकटवा.

पत्त्यांचाही एक मराठी प्रश्न आहे. शीर्षकावरून वर्डप्रेस लेखाचा पत्ता बनवतं, पण साठवताना देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह नऊ रोमन चिन्हं खातं, आणि मर्यादा आहे २०० चिन्हांची. म्हणजे जेमतेम २२ अक्षरचिन्हं, आणि त्यात काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्रातील' या एकाच शब्दाला १४ लागतात. तीन-चार शब्दांनंतर पत्ता मध्येच तुटतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक रांग दिसते. म्हणून लेख प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, हाताने लिहा. शीर्षक मराठीतच राहू द्या.

बसलं, पण चालत नाही

मुखपृष्ठ उघडतं पण प्रत्येक लेखाला '४०४' (पान सापडत नाही) येतो? सेटिंग्जमधल्या परमालिंक्सच्या (लेखांच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता फक्त सेव्ह करा. पत्त्यांचे नियम ठेवणारी डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइल पुन्हा लिहिली जाते आणि बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

पान पांढरंफटक दिसत असेल किंवा ५०० येत असेल तर अंदाज बांधू नका. फाइल मॅनेजरमध्ये एरर लॉग नावाची फाइल असते, तिची शेवटची ओळ वाचा. तिथे प्लगिनचं (वर्डप्रेसला जादा सोयी देणारा छोटा प्रोग्रॅम) नाव असेल तर प्लगिन्स फोल्डरमधल्या त्याच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद पडतं. मेमरी संपल्याची तक्रार असेल तर मर्यादा वाढवण्याआधी जडजूड प्लगिन कमी करा. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची आवृत्तीही सीपॅनलमध्ये बघून घ्या. ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, तरी ती अजून अनेक खात्यांवर तशीच चालू असते.

डोमेन होस्टिंगकडे वळण्याआधीच तात्पुरत्या पत्त्यावर वर्डप्रेस बसवलं असेल, तर तोच पत्ता डेटाबेसमध्ये बसतो आणि नंतर लॉगिन केलं की माणूस भलतीकडेच जातो. नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे वळायचं ते सांगणारे) बदलल्यावर एक-दोन दिवस थांबायची तयारी ठेवा, एसएसएल लागू द्या, मग बसवा.

उरल्या दोन छोट्या खुणा. सेटिंग्ज, जनरलमध्ये टाइमझोन 'कोलकाता' निवडा. नाहीतर सकाळी सहाला लावलेला लेख साडेअकराला दिसेल. आणि सेटिंग्ज, रीडिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची चौकट असते. काम चालू असताना तिथे खूण ठेवणं ठीक, पण संकेतस्थळ खुलं कराल त्या दिवशी ती आठवणीने काढा.