संकेतस्थळावरील फेसबुक फीड: चौकट नीट बसवणे आणि ती रिकामी दिसल्यास दोष शोधणे

संस्थेच्या संकेतस्थळावर फेसबुक पानाची फीड, म्हणजे त्या पानावरील पोस्टची चौकट, लावली, की पहिली तक्रार बहुधा अशी येते: ‘संगणकावर व्यवस्थित दिसते, मोबाईलवर मात्र सगळे पान आडवे सरकते.’ एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम करताना या तक्रारीमागे माझा अर्धा दिवस गेला आणि शेवटी दोष अवघ्या 12 पिक्सेलांचा निघाला. मोबाईलच्या पडद्याची रुंदी 360 पिक्सेल होती आणि मजकुराच्या दोन्ही अंगांना 16 पिक्सेलांचे पॅडिंग (मोकळी जागा) होते, म्हणजे फीडसाठी 328 पिक्सेल उरत होते. कोडमध्ये मात्र आयफ्रेमची, म्हणजे फीडच्या चौकटीची, रुंदी 340 अशी पक्की लिहिलेली होती. हा आकडा आयफ्रेमच्या टॅगमध्ये एकदा आणि तिच्या पत्त्यात पुन्हा एकदा असा दोन ठिकाणी असतो. एकाच ठिकाणी बदलल्यास चौकट लहान होते, पण आतला मजकूर उजवीकडे कापला जाण्याची शक्यता राहते.

सजावटीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. आयफ्रेम म्हणजे आपल्या पानात बसवलेले दुसऱ्याचे पान आहे आणि ब्राउझरच्या सुरक्षा नियमांमुळे आपली सीएसएस (सजावटीचे नियम) त्याच्या आत पोहोचत नाही. आपण संकेतस्थळासाठी कितीही जपून देवनागरी फॉन्ट निवडला असला, तरी फीडमधील पोस्ट त्या फॉन्टमध्ये दिसणार नाहीत. त्यासाठी नियमांवर नियम लिहिण्यात वेळ घालवू नये. आपल्या ताब्यात राहतो तो आयफ्रेमबाहेरचा डिव्ह (तिला धरून ठेवणारा आपल्या पानातील कप्पा), म्हणजे त्याची रुंदी, कडा, गोलाई, पार्श्वभूमी आणि भोवतालची मोकळी जागा. त्याखेरीज फेसबुकने स्वतःहून दिलेली काही सेटिंग्ज वापरता येतात.

या सेटिंग्जमध्ये रुंदी 180 ते 500 पिक्सेलांपर्यंतच ठेवता येते. त्यामुळे 800 पिक्सेलांच्या स्तंभात फीड लावल्यास उरलेली जागा रिकामीच राहणार. अशा वेळी डिव्हला 500 पिक्सेलांची कमाल रुंदी देऊन तो मधोमध आणावा. ‘अ‍ॅडॅप्ट कंटेनर विड्थ’ (डिव्हच्या रुंदीशी जुळवून घेणे) हा पर्याय चालू ठेवावा, मात्र तो पान उघडतानाच एकदा माप घेतो. वाचकाने नंतर मोबाईल आडवा धरला, तर फीड आपोआप रुंदावत नाही. अरुंद स्तंभात लहान हेडरचा पर्याय निवडल्यास पोस्टना अधिक जागा मिळते. आणखी एक बदल मी मराठी संकेतस्थळांवर आग्रहाने करतो: फीड आणणाऱ्या फेसबुकच्या स्क्रिप्टच्या (कोडच्या) पत्त्यात इंग्रजीचा भाषासंकेत असतो, त्या जागी मराठीचा, म्हणजे एमआर-अंडरस्कोर-आयएन असा संकेत लिहिला, तर फीडमधील बटणे व सूचना मराठीत येतात. पत्त्यात तो अर्थातच रोमन अक्षरांत लिहायचा असतो.

फीडच्या जागी कोरी चौकट दिसत असेल, तर सर्वप्रथम तेच पान ब्राउझरच्या खासगी खिडकीत, फेसबुकवर लॉगिन न करता उघडून पाहावे. पानाला वयाची किंवा देशाची मर्यादा घातलेली असेल, तर लॉगिन न केलेल्या वाचकाला फीड दिसत नाही. पान चालवणाऱ्याला मात्र ती नेहमी दिसत असल्याने हा दोष महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही. फीड दाखवणारे फेसबुकचे हे प्लगइन (जोड-सोय) फक्त फेसबुक ‘पेज’साठी आहे, वैयक्तिक प्रोफाईलसाठी नाही, हेही तपासावे. त्यानंतर जाहिरात अडवणारे ब्राउझरचे एक्स्टेन्शन बंद करून पाहावे. फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग संरक्षण ‘स्ट्रिक्ट’ ठेवलेले असल्यासही अशी फीड अडवली जाऊ शकते, आणि वाचकाची ती निवड आपण मान्यच केली पाहिजे.

तरीही फीड येत नसेल, तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील कन्सोल (पानातील चुकांची यादी) उघडावा. ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’चा (बाहेरचा कोणता मजकूर पानात येऊ द्यावा, हे ठरवणाऱ्या धोरणाचा) उल्लेख असलेली लाल ओळ तेथे दिसली, तर आपल्याच सर्व्हरने फेसबुकची स्क्रिप्ट किंवा चौकट नाकारलेली असते, त्या धोरणात स्क्रिप्ट आणि फ्रेम या दोन्हींच्या यादीत फेसबुकचे पत्ते घालावे लागतात. कन्सोल स्वच्छ असूनही जागा रिकामी असेल, तर फीड एखाद्या मिटलेल्या टॅबमध्ये तर नाही ना, ते पाहावे. लपवलेल्या डिव्हची रुंदी शून्य मोजली जाते, म्हणून टॅब उघडल्यानंतर फेसबुकच्या स्क्रिप्टमधील ‘पार्स’ हे फीड नव्याने मांडणारे फंक्शन पुन्हा चालवावे लागते.

इन्स्टाग्रामच्या बाबतीत कारणे थोडी वेगळी असतात. त्याच्या एम्बेड कोडमध्येच (पोस्ट आपल्या पानात बसवण्याच्या कोडमध्येच) 326 पिक्सेलांची किमान रुंदी लिहिलेली असते, त्यामुळे वरच्याच 360 पिक्सेलांच्या मोबाईलवर दोन्ही अंगांचे पॅडिंग 20 केले तर तेही 6 पिक्सेल बाहेर येते. ही किमान रुंदी आपल्या सीएसएसमधून ‘इम्पॉर्टंट’ (हा नियम इतरांवर मात करतो) लावून शून्य करता येते. इन्स्टाग्रामची जुनी ‘बेसिक डिस्प्ले’ एपीआय (इतर संकेतस्थळांना मजकूर पुरवणारी सोय) 4 डिसेंबर 2024 रोजी बंद झाली आणि तिच्यावर चालणाऱ्या फीड थांबल्या. अशा ठिकाणी प्लगइन अद्ययावत करून बिझनेस किंवा क्रिएटर खाते नव्याने जोडावे. फीड दर दोन महिन्यांनी बंद पडत असेल, तर 60 दिवसांनी संपणारे टोकन (खात्यातील मजकूर वाचण्याची परवानगी) वेळेवर नूतनीकृत होत नाही, असे समजावे.

शेवटचे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते टाळू नये. फीड उशिरा आल्यावर खालचा मजकूर उसळू नये म्हणून डिव्हला फीडइतकी किमान उंची आधीच द्यावी, आणि त्याच डिव्हमध्ये फेसबुक पानाचा साधा दुवा ठेवावा, म्हणजे ज्या वाचकाकडे स्क्रिप्ट चालत नाही त्यालाही वाचनालयाची नवी सूचना कोठे वाचावी ते कळेल.