मुलं रमलीत की नुसती गप्प बसलीत?

वर्ग शांत म्हणजे मुलं शिकतायत असं नसतं, हे मला कळायला बरीच वर्षं लागली. त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटी शोधायच्या आधी बघायला शिका. एकाच मुलाकडे दोन मिनिटं बघायचं, हात काय करतायत, नजर कुठंय, शेजारी काही पडलं तरी ते आपल्याच नादात आहे का. बेल्जियमचे शिक्षणतज्ज्ञ फेरे लावर्स यांनी यासाठी १ ते ५ अशी पट्टी केलीय, १ म्हणजे मूल नुसतंच बसलंय, ५ म्हणजे पार बुडालंय. वहीत तेवढा आकडा टाकत जा, आठवडाभरात कळतं की काय चालतंय आणि काय आपण उगाच रेटतोय.

मग सामान बदला. बाईंनी आधीच कापून ठेवलेलं फुलपाखरू सगळ्यांनी एकसारखं चिकटवायचं, हे आईबाबांना दाखवायला छान, पण मुलाचं काम दोन मिनिटांत संपतं नि ते उठून पळतं. त्याऐवजी ब्लॉक्स, वाळू, पाणी, चिकणमाती. यात बरोबर-चूक नसतं म्हणून मूल परत परत करून बघतं.

आणि ते बुडालेलं असताना मध्ये बोलू नका!! "हा कुठला रंग?" विचारलं की तंद्री गेलीच. त्यानं वर बघितलं तर बोला, प्रश्न विचारलात तर मनात तीनपर्यंत मोजा, लगेच उत्तर सांगून टाकू नका (मला अजून जमत नाही).

स्टार, स्टिकर जपून. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन नि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बघितलं, ज्या मुलांना चित्र काढायला आवडायचंच त्यांना आधी बक्षीस कबूल करून चित्र काढायला लावलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती कमी काढायला लागली.

भिंतीही थोड्या मोकळ्या करा, खूप चित्रं लटकवली की लक्ष तिकडंच जातं.

गोलात बसवून गोष्ट सांगताना चुळबुळ सुरू झाली की ओरडू नका, मुलांना उठवून गोष्टीतला हत्ती करायला लावा, तरी नाही जमलं तर गोष्ट तिथंच थांबवा, उरलेली उद्या.

एखादं मूल लांब उभं राहून नुसतं बघत असेल तर ओढून आणू नका. बघणं हाही खेळातलाच एक टप्पा, असं मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच मांडलंय. त्याच्या जवळ थोडे ब्लॉक्स ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा.