डायोडचं सर्किट सोडवताना या चुका टाळा

नुसत्या रेझिस्टरच्या सर्किटमध्ये करंटची दिशा उलटी धरली तरी फारसं बिघडत नाही. उत्तराला वजा चिन्ह येतं, आपण बाण फिरवतो आणि पुढे जातो. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे तिथे ही सवलत नाही. तिथे प्रत्येक डायोड चालू की बंद हे आधी गृहीत धरायचं, सर्किट सोडवायचं आणि मग गृहीतक तपासायचं. चालू धरलेल्या डायोडमधून वजा करंट आला, तर तुम्ही दुसरंच कुठलंतरी सर्किट सोडवलंत. तरीही ते चिन्ह गुपचूप खोडून पुढे जाणारे मी भरपूर पाहिलेत (एके काळी मीही त्यातलाच).

एक उदाहरण घेऊ. +१२ व्होल्टपासून ६ किलोओहमचा रेझिस्टर ‘अ’ या बिंदूला येतो. ‘अ’पासून पहिला डायोड थेट ग्राउंडला जातो. दुसरा डायोड ‘अ’पासून ‘ब’कडे जातो आणि ‘ब’पासून ३ किलोओहमचा रेझिस्टर −९ व्होल्टला. दोन्ही डायोडांचे अ‍ॅनोड (करंट जिथून आत शिरतो ते टोक) ‘अ’ला आहेत. वरून +१२ दिसतात, म्हणून हात आपोआप दोन्ही डायोड चालू धरतो.

धरू या. चालू डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात (हाच त्याचा ड्रॉप). मग ‘अ’ ०.७ व्होल्टवर आणि ‘ब’ शून्यावर. वरून येणारा करंट ११.३ भागिले ६, म्हणजे सुमारे १.८८ मिलिअ‍ॅम्पिअर. खालच्या रेझिस्टरमधून जाणारा ९ भागिले ३, म्हणजे ३ मिलिअ‍ॅम्पिअर. येतात १.८८ आणि जातात ३! उरलेले १.१२ पहिल्या डायोडमधून उलटे यावे लागतील, आणि ते तो येऊ देणार नाही. गृहीतक फसलं.

आता पहिला बंद, दुसरा चालू धरा. एकच वाट उरते: १२ अधिक ९ वजा ०.७, म्हणजे २०.३ व्होल्ट, आणि मध्ये ९ किलोओहम. करंट २.२६ मिलिअ‍ॅम्पिअर, ‘अ’ सुमारे −१.५३ व्होल्टवर. पहिल्या डायोडचा अ‍ॅनोड ग्राउंडच्या खाली गेला, म्हणजे तो खरंच बंद आहे. दुसऱ्यातला करंट सरळ दिशेने आहे. दोन्ही गोष्टी जुळल्या, इथे थांबायचं.

चालू धरलेल्याचा करंट तपासायचा आणि बंद धरलेल्यावरचं व्होल्टेज. गंमत म्हणजे करंटची तपासणी काही जण तरी करतात; बंद डायोडकडे मात्र कुणी वळून बघत नाही. बंद म्हटल्यावर तो कागदावरून पुसलाच जातो. त्याच्यावर सरळ दिशेने ३ व्होल्ट निघत असतील तर तो बंद कसा?

सगळीकडे ०.७

०.७ हा सिलिकॉनच्या साध्या डायोडचा कामचलाऊ आकडा आहे. करंट दहापट वाढला की ड्रॉप साधारण ६० ते १२० मिलिव्होल्टने वाढतो, आणि तापमान एका अंशाने वाढलं की सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. १०० व्होल्टच्या सर्किटमध्ये हे सगळं विसरलात तरी चालेल. ३ व्होल्टच्या सप्लायमध्ये एकामागे एक दोन डायोड असतील तर जवळपास निम्मं व्होल्टेज तिथेच जातं, तिथे विसरून चालणार नाही. शॉट्की डायोडला साधारण ०.२ ते ०.४ धरा. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. ५ व्होल्टवर १० मिलिअ‍ॅम्पिअर हवेत म्हणून ०.७ धरून ४३० ओहम लावलात, तर प्रत्यक्षात ५ मिलिअ‍ॅम्पिअरही मिळणार नाहीत.

झेनर आहे म्हणजे ५.१ मिळणारच?

झेनर हा उलट दिशेने ठरावीक व्होल्टेजला (रिव्हर्स ब्रेकडाउन) वाहू लागणारा आणि तेच व्होल्टेज टिकवणारा डायोड. समजा, १२ व्होल्टचा सप्लाय, १ किलोओहमचा सिरीज रेझिस्टर, ५.१ व्होल्टचा झेनर आणि त्याला समांतर ५०० ओहमचा लोड. डोळे मिटून ‘५.१’ लिहिण्याआधी झेनर मनातल्या मनात उपटून काढा. उरलेल्या दोन रेझिस्टरांची वाटणी ४ व्होल्टच देते. झेनर रिव्हर्स ब्रेकडाउनपर्यंत पोचतच नाही आणि आउटपुट ४ व्होल्टवर राहतं. लोड जोडल्यावर झेनर ‘खराब झाला’ अशी तक्रार आली की पहिला संशय इथे घ्यावा.

रेक्टिफायर

रेक्टिफायर म्हणजे एसीचं डीसी करणारं सर्किट. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य, शिखर नव्हे) असतात. शिखर जवळपास १७ व्होल्ट. ब्रिजमध्ये (चार डायोडांचा रेक्टिफायर) एका वेळी दोन डायोड मार्गात असतात, म्हणून १.४ वजा करा. कपॅसिटरवर सुमारे १५.६ येतात. लोड नसताना त्याहूनही जास्त दिसतात, म्हणून १६ व्होल्टचा कपॅसिटर बसवू नका. हाफ-वेव्ह रेक्टिफायरला (एकच डायोड, आवर्तनाचा अर्धाच भाग वापरणारा) कपॅसिटर असेल, तर डायोडला उलट दिशेने शिखराच्या दुप्पट, म्हणजे ३४ व्होल्टच्या आसपास सोसावे लागतात. ब्रिजमधल्या डायोडला साधारण एकपटच.

रिपल (कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचा चढउतार) काढताना करंटला फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराने भागा. हा ढोबळ अंदाज पुरतो. ५० हर्ट्झच्या सप्लायवर फुल-वेव्हला (ब्रिज त्यातलाच) १०० हर्ट्झ घ्या. अर्धा अ‍ॅम्पिअर आणि १००० मायक्रोफॅरड असतील तर ५ व्होल्टचं रिपल! बोर्डवर रिपल हिशेबाच्या दुप्पट आणि ५० हर्ट्झवर दिसत असेल तर ब्रिजमधला एखादा डायोड ओपन (आतून तुटलेला) झालाय.

मीटर आणि स्कोप

सर्किटमध्ये बसवलेला डायोड मल्टिमीटरच्या डायोड मोडवर मोजला की शेजारच्या वाटाही मोजल्या जातात. आकडा विचित्र वाटला तर सप्लाय बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या, डायोडचा एक पाय सोडवा आणि पुन्हा मोजा. चांगला सिलिकॉन डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या बाजूने ओव्हरलोड (मोजमापाच्या पलीकडे). दोन्हीकडे जवळपास शून्य म्हणजे शॉर्ट.

कमी व्होल्टेजच्या चालू बोर्डवर कागदावरचीच तपासणी कामी येते, फक्त अर्थ बदलतो. साध्या सिग्नल डायोडवर सरळ दिशेने ४ व्होल्ट मोजले गेले, तर कागदावर गृहीतक चुकलं असतं. इथे डायोड ओपन आहे किंवा त्याचा सोल्डर सुटलाय.

स्कोपचं (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) मात्र सांभाळा. ब्रिजचा इनपुट आणि आउटपुट एकत्र बघायच्या मोहात एका प्रोबची ग्राउंड क्लिप एसी टोकाला आणि दुसऱ्याची आउटपुटच्या मायनसला लावली जाते. बहुतेक स्कोपमध्ये या दोन्ही क्लिपा आतून जोडलेल्या असतात. त्यामुळे ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट होतो आणि दर दुसऱ्या अर्ध्या आवर्तनात ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी उरलेल्या एका डायोडमधून शॉर्ट होते. धूर त्या दुसऱ्याच, बिचाऱ्या निर्दोष डायोडमधून निघतो. दोन्ही प्रोबच्या क्लिपा एकाच बिंदूला लावा; इनपुट बघायचाच असेल तर दोन्ही एसी टोकांवर एकेक प्रोब ठेवून स्कोपलाच वजाबाकी करू द्या.